आकडा मोठा आहे, पण पेशी कोणत्या?

महोदय,

माणसाच्या मेंदूभोवतीचा अडसर, म्हणजे ब्लड-ब्रेन बॅरिअर, प्रयोगशाळेत उभा केल्याच्या बातम्या आता वरचेवर छापून येतात. विषय महत्त्वाचा आहे आणि त्याला वर्तमानपत्रात जागा मिळते याचा आम्हाला आनंदच आहे. पण जवळजवळ प्रत्येक बातमीत कौतुक होते ते एकाच गोष्टीचे: भिंत किती घट्ट झाली, तिचा विद्युतरोध (पेशींच्या थरातून वीज जायला होणारा अडथळा; थर घट्ट तर आकडा मोठा) किती हजारांवर गेला. भिंत कोणत्या पेशींची आहे हे क्वचितच लिहिलेले असते. या क्षेत्रातली गेल्या दहा-बारा वर्षांतली सगळ्यात मोठी गफलत नेमकी इथेच झाली, म्हणून हे पत्र. २०२३ च्या मार्चमध्ये आपल्याकडच्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी मानवी पेशींच्या आणि चिपवरच्या (बारीक कालव्यांत पेशी वाढवलेल्या छोट्या उपकरणांतल्या) चाचण्यांना वाट मोकळी झाली. अमेरिकेने तसा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये केला. म्हणजे हे आकडे आता औषधाच्या फाइलीत जाऊन बसणार आहेत.

आधी भिंत म्हणजे काय ते पाहू. मेंदूत सुमारे ६०० किलोमीटर लांबीच्या केशवाहिन्या आहेत, प्रत्येक जेमतेम तांबड्या पेशीएवढी रुंद. त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना एंडोथेलियल पेशी म्हणतात. शरीरात इतरत्र या पेशींमध्ये फटी असतात, मेंदूत मात्र त्या एकमेकींना टाईट जंक्शनने शिवलेल्या असतात. रीझ आणि कार्नोव्हस्की यांनी १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अडसर नेमका याच पेशींत आहे हे दाखवले. पण शिवण ही अर्धीच गोष्ट झाली. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी घ्या. लोपेरामाइड हे अफूच्या जातीतले औषध आहे आणि चरबीत सहज विरघळते, त्यामुळे भिंतीच्या पेशीत ते बिनदिक्कत शिरते. तरी नेहमीच्या मात्रेत गुंगी येत नाही, कारण पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो आणि तो लोपेरामाइड आल्या पावली परत रक्तात फेकतो. फेक्सोफेनाडिनने झोप येत नाही आणि जुन्या क्लोरफेनिरामिनने येते, यामागेही या पंपाचा मोठा हात आहे. उलट पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामिन देऊन उपयोग नसतो, ते आत जात नाही. लेव्होडोपा जाते, कारण अमिनो आम्ले आत नेणारा एलएटी-१ हा वाहक तिला उचलून नेतो. शिवण, पंप आणि वाहक हे तिन्ही असतील तरच त्याला मेंदूची भिंत म्हणायचे. विद्युतरोधाचा आकडा फक्त शिवणीबद्दल बोलतो.

मग उंदरावर चाचणी का पुरत नाही? २०१६ मध्ये कॅलटेकमध्ये पीएचपी-बी नावाचा विषाणू-वाहक तयार झाला. शिरेतून टोचला की तो उंदराच्या मेंदूत भराभर पोचत असे. जनुकोपचारासाठी ही केवढी मोठी आशा होती! पुढे कळले की तो सी५७ ब्लॅक-६ जातीच्या उंदरातच चालतो, बाल्ब-सी जातीच्या उंदरातसुद्धा नाही आणि माकडात तर नाहीच. तो ज्या प्रथिनाला धरून आत जात होता ते एलवाय-६-ए माणसाकडे नाही. ट्रान्सफेरिन रिसेप्टर, म्हणजे रक्तातले लोह पेशीत घेणारे प्रथिन, त्याचेही तसेच. त्याला धरून औषध मेंदूत नेण्याची युक्ती खरी आहे, हंटर सिंड्रोम या आनुवंशिक आजारावरचे त्या पद्धतीचे, प्रतिपिंडाला जोडलेले औषध पाबिनाफस्प अल्फा जपानमध्ये २०२१ मध्ये मंजूरही झाले. पण मानवी रिसेप्टरसाठी बनवलेली अशी प्रतिपिंडे सहसा उंदराच्या रिसेप्टरला चिकटत नाहीत. पंपांचे प्रमाणही वेगळे असते. माणसाच्या मेंदूतील केशवाहिन्यांत पी-ग्लायकोप्रोटीन उंदराच्या निम्म्याहून कमी आणि बीसीआरपी हा दुसरा पंप जास्त आढळला आहे. म्हणून मानवी पेशींचे मॉडेल हवेच, याबद्दल आमचे दुमत नाही.

आता हे मॉडेल प्रत्यक्षात कसे उभे राहते ते सांगतो, कारण दोष कुठे शिरतो ते त्याशिवाय कळणार नाही. नेहमीचा साचा म्हणजे इन्सर्ट: प्लास्टिकची छोटी वाटी, जिच्या तळाशी १० मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र पडदा असतो. ही वाटी बारा खणांच्या प्लेटमध्ये टांगतात. आतला कप्पा रक्ताचा, बाहेरचा मेंदूचा. औषधाच्या चाचणीला ०.४ मायक्रॉनची छिद्रे चालतात. रोगप्रतिकारक पेशी पलीकडे जातात का हे पाहायचे असेल तर ती किमान ३ मायक्रॉनची लागतात.

आयपीएस मूलपेशींपासून (साध्या पेशी मागे नेऊन केलेल्या मूलपेशींपासून) भिंत करण्याची सर्वाधिक वापरली गेलेली पद्धत अमेरिकेत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातून २०१२ मध्ये आली. तिच्यात पुढे सुधारणा झाल्या, त्या धरून क्रम असा. मूलपेशी सुट्या करून चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५,००० या हिशेबाने पेरायच्या आणि पहिल्या दिवशी मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवात, रॉक-इन्हिबिटर हे रसायन १० मायक्रोमोलर ठेवायचे, नाहीतर एकट्या पडलेल्या पेशी मरतात. तीन दिवसांनी वाढीचे मीडियम काढून सहा दिवस साधे मीडियम द्यायचे. मग दोन दिवस एंडोथेलियल मीडियम, त्यात मिलीलिटरला २० नॅनोग्रॅम एफजीएफ-२ हा वाढीचा घटक, १ टक्का सीरम आणि १० मायक्रोमोलर रेटिनोइक आम्ल. मग पेशी ॲक्युटेज या विकरमिश्रणाने सोडवून इन्सर्टवर दाट पेरायच्या, चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा लाख. पडद्यावर आदल्या दिवशी कोलॅजन-४ मिलीलिटरला ४०० मायक्रोग्रॅम आणि फायब्रोनेक्टिन १०० मायक्रोग्रॅम यांचा लेप लावलेला असतो. चोवीस तासांनी एफजीएफ आणि रेटिनोइक आम्ल काढून टाकले की आणखी एका दिवसात विद्युतरोध शिखरावर जातो.

यात चुकायला जागा भरपूर. सुरुवातीची पेरणी विरळ झाली तर पेशी भलत्याच दिशेने जातात आणि रोध चढतच नाही. दाट झाली तर थर सुटून गोळे होतात. रेटिनोइक आम्ल उजेडात खराब होते. डीएमएसओ या द्रावकात केलेला साठा काळ्या ट्यूबमध्ये किंवा फॉइलमध्ये गुंडाळून उणे ८० अंशांवर ठेवला नाही, तर आठवड्याभरात त्याच पेशी 'अचानक' बिघडल्यासारख्या वाटतात. सीरमचा लॉट बदलला की निकाल बदलतो, म्हणून नवा लॉट जुन्याच्या शेजारी ठेवून तपासल्याशिवाय वापरू नये. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूचा संसर्ग डोळ्यांना दिसत नाही, मीडियम गढूळही होत नाही, पण भिंत गळते. महिन्यातून एकदा तरी त्याची पीसीआर व्हायलाच हवी. आणि सगळ्यात क्षुल्लक वाटणारी चूक पातळीची. बारा खणांच्या प्लेटमध्ये आत ५०० आणि बाहेर १५०० मायक्रोलिटर घालतात ते दोन्हीकडचे द्रव एका पातळीत राहावेत म्हणून. आतली पातळी उंच राहिली की झिरपणी मोजायला आत घातलेले रंगद्रव्य पाण्याच्या दाबानेच पलीकडे ढकलले जाते, आणि आपण समजतो भिंत फुटली.

विद्युतरोधाचे मोजमाप दिसते सोपे. चिमट्यासारखे दोन पाय असलेला इलेक्ट्रोड, आखूड पाय आत, लांब पाय बाहेर, मीटरवर आकडा. पण त्या आकड्यातून पेशी नसलेल्या, फक्त लेप लावलेल्या इन्सर्टचा रोध वजा करायचा असतो आणि मग पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे असते. समजा वजाबाकीनंतर १,००० ओहम राहिले. बारा खणांच्या प्लेटमधील इन्सर्टचे क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर, म्हणून उत्तर १,१२० ओहम-चौरस सेंटिमीटर. चोवीस खणांच्या प्लेटमधील छोट्या इन्सर्टचे ०.३३, म्हणून त्याच १,००० ओहमचे उत्तर ३३०. क्षेत्रफळ न सांगता 'एक हजार ओहम' लिहिले तर त्याला काही अर्थ नाही. त्यात प्लेट इन्क्युबेटरबाहेर काढल्यावर थंड होते आणि थंड झाली की रोध वाढतो. पहिला खण ३७ अंशांवर आणि शेवटचा २५ अंशांवर मोजला तर शेवटची भिंत घट्ट वाटणारच. इलेक्ट्रोड तिरका झाला किंवा पडद्याखाली बुडबुडा अडकला तरी आकडा हलतो. चिपमध्ये तर अडचण आणखी वाढते. कालवा अरुंद आणि लांब असल्याने प्रवाह सगळ्या पडद्यातून सारखा जात नाही, आणि सरसकट संपूर्ण क्षेत्रफळाने गुणले की उत्तर कितीतरी फुगते.

आणि जिवंत मेंदूत हा आकडा किती असतो? क्रोन आणि ओलेसेन यांनी कोपनहेगनमध्ये १९८२ साली बेडकाच्या मेंदूवरील वाहिन्यांत तो १,८७० ओहम-चौरस सेंटिमीटर मोजला. 'मेंदूची भिंत म्हणजे हजारोंचा रोध' ही धारणा अशा मापनांतून रुजली. माणसाच्या मेंदूतून काढून २००५ मध्ये अमर केलेली, म्हणजे कायम विभागत राहणारी, एचसीएमईसी-डी३ ही पेशीमालिका मात्र बहुतेक वेळा ३० ते ५० वरच अडकते. अशा वेळी मॅडिसनच्या पेशींनी रेटिनोइक आम्लाच्या जोरावर हजारोंचा टप्पा ओलांडला, तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांनी त्या उचलल्या यात नवल नाही.

मग २०२१ मध्ये न्यूयॉर्कमधील वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या गटाने या पेशींची जनुकवार झडती घेतली. निष्कर्ष कठोर होता: या पेशी मुळात एंडोथेलियल नाहीत, एपिथेलियल आहेत. म्हणजे रक्तवाहिनीचे अस्तर नव्हे, तर आतडे किंवा मूत्रनलिका यांच्या अस्तराच्या गोत्रातल्या. रक्तवाहिनीची ओळख ठरवणारी ईटीव्ही-२, ईआरजी आणि एफएलआय-१ ही जनुके त्यांच्यात बाहेरून चालू केली तेव्हा कुठे त्या वाहिनीच्या वळणावर आल्या. एकदा हे कळले की मोठ्या आकड्याचे कोडेही सुटते. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या एमडीसीके पेशींची एक उपजात हजारोंचा रोध सहज देते. घट्टपणा हा एपिथेलियमचा धर्मच आहे. तेव्हा आकडा जितका मोठा, तितकी शंका घ्यायला हवी होती, आणि बहुतेकांनी तितके कौतुक केले.

मॅडिसनच्या पद्धतीला टाकाऊ म्हणण्याचा आमचा हेतू नाही. त्या पेशींत ग्लुकोजचा वाहक आहे, काही पंप काम करतात, आणि एखादा रेणू निव्वळ स्वतःच्या बळावर घट्ट थरातून झिरपतो का हे पाहायला त्या आजही उपयोगी पडतात. तिच्या कर्त्यांनी ओळखीच्या प्रश्नावर जाहीर चर्चाही केली. पण पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटून मेंदूत कशा शिरतात, हा मल्टिपल स्क्लेरोसिसमधला प्रश्न त्यांच्यावर सोडवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारी चिकट प्रथिने त्यांच्यात नीट नसतात. त्यासाठी स्वित्झर्लंडमधील बर्नच्या गटाने वेगळ्या वाटेने खऱ्या एंडोथेलियल पेशी घडवल्या. फ्रान्समध्ये २०१४ पासून नाळेच्या रक्तातील मूलपेशी पेरिसाइटच्या (केशवाहिनीला बाहेरून बिलगणाऱ्या पेशींच्या) सोबतीने वाढवून घडवलेल्या पेशी वापरात आहेत. या दोन्हींचा रोध हजारांत जात नाही. तरी कामासाठी पेशी निवडायची झाली तर आम्ही प्रश्न पाहून निवडू, आकडा पाहून नाही.

ओळख पटवणे काही अवघड नाही. त्याच थरावर एकीकडे व्हीई-कॅडहेरिन, सीडी-३१ आणि क्लॉडिन-५ या वाहिनीपेशींच्या प्रथिनांचे रंजन करायचे आणि दुसरीकडे ईपीकॅम या एपिथेलियमच्या प्रथिनाचे. खऱ्या वाहिनीपेशीत पहिली तीन पेशीच्या कडेने सलग रेघेसारखी उजळतात आणि ईपीकॅम अंधारात राहते. ईपीकॅम उजळले तर तिथेच थांबायचे. क्लॉडिन-५ चे प्रतिपिंड इतर क्लॉडिनांनाही चिकटू शकते, म्हणून एकट्या रंजनावर न विसंबता आरएनएची पातळी पाहणे बरे. या कामाला दोन दिवस लागतात. दोन दिवसांच्या तपासणीअभावी कित्येक वर्षांचे निष्कर्ष टांगणीला लागले, याची खंत वाटते.

यानंतरची पायरी झिरपणीची. आतल्या कप्प्यात सोडियम फ्लुओरेसिन हे चमकणारे रंगद्रव्य घालायचे, इन्सर्ट दर १५ मिनिटांनी नव्या खणात हलवायचा, तासाभराचे नमुने घ्यायचे. पेशी नसलेला इन्सर्टही सोबत धरायचा, कारण पडद्याचा स्वतःचा अडथळा असतो. एकूण झिरपणीच्या व्यस्तातून कोऱ्या पडद्याच्या झिरपणीचा व्यस्त वजा केला, तर उरतो तो पेशींचा हिशेब. फ्लुओरेसिन काही वाहकांच्या तावडीत सापडते, म्हणून त्याच्या जोडीला ७०,००० रेणुभाराचा डेक्स्ट्रान (साखरेची लांब साखळी) किंवा सुक्रोज ठेवलेले चांगले. शेवटी आतले, बाहेरचे आणि पेशींत अडकलेले मिळून घातलेल्या औषधाच्या किमान ८० टक्के हाती लागले पाहिजे. नाही लागले तर ते कुठेतरी चिकटले आहे. चिपमध्ये हे फार होते, कारण बहुतेक चिप पीडीएमएस या सिलिकॉन रबराची असते आणि चरबीप्रेमी रेणू ते रबर शोषून घेते. मेंदूची औषधे बहुधा चरबीप्रेमीच असतात. ज्या औषधाबद्दल 'भिंतीने अडवले' असे लिहिले जाते, ते कधीकधी रबरातच मुरलेले असते. वाहत्या द्रवाचा घासता दाब पेशींना मानवतो हे खरे, म्हणून चिपचा आग्रह समजतो. पण मीडियम आधी गरम करून त्यातली हवा काढली नाही, तर एकच बुडबुडा पूर्ण थर खरवडून नेतो.

पंपाची परीक्षा स्वतंत्र घ्यावी लागते. पंप ज्याला परत फेकतो ते रोडामाइन-१२३ हे रंगद्रव्य किंवा लोपेरामाइड दोन्ही दिशांनी सोडायचे. मेंदूकडून रक्ताकडे जाण्याचा वेग उलट दिशेच्या दुपटीहून जास्त आला तर पंप चालू आहे असा संशय घ्यायचा. मग पंप बंद करणारे एलाक्रिडार घालून तेच पुन्हा मोजायचे. गुणोत्तर एकाच्या जवळ आले तरच संशय खरा. औषध विरघळवायला वापरलेले डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या वर गेले, तर भिंत त्यानेच सैल होते. त्यामुळे औषधाशिवाय नुसते डीएमएसओ घातलेला खण नसेल तर तो प्रयोग वाचण्यात वेळ घालवू नये.

आपल्याला याची गरज किती, हे क्षयाच्या मेनिंजायटिसवरून कळते. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मेंदूभोवतीच्या द्रवात चांगले पोचतात, रिफाम्पिसिन फार थोडे. कोणती मात्रा, कोणते नवे औषध या आजारात खरोखर आत जाईल, हे सुजलेल्या मानवी भिंतीवर आधी पाहता आले तर हवेच आहे. हा द्रव आणि मेंदूचा गाभा एक नव्हेत, दोघांचे अडसर वेगळे आहेत, एवढे मात्र विसरू नये. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूर भागातल्या याच नावाच्या गावात सापडला आणि २००३ मध्ये त्याने आंध्र व महाराष्ट्रात मुलांचे बळी घेतले. असा विषाणू भिंत फोडतो, की पेशींतून लपून जातो, की पांढऱ्या पेशींवर स्वार होऊन? हा प्रश्न एपिथेलियमच्या थरावर विचारला तर येणारे उत्तर चुकीचे असेल आणि ते चुकीचे आहे हे कोणाला कळणारही नाही.

म्हणून नियामकांकडे आमची एक मागणी आहे. या मॉडेलवरचा कोणताही निकाल स्वीकारण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेला दहा-बारा ओळखीची औषधे सांकेतिक क्रमांक लावून, नावे न सांगता द्यावीत. त्यांत सहज जाणारी असावीत, जसे कॅफिन आणि डायझेपाम. न जाणारी असावीत, जसे सुक्रोज आणि ॲटेनोलॉल. पंपाने परत फेकली जाणारी लोपेरामाइड आणि क्विनिडिन असावीत, आणि वाहकाने नेली जाणारी लेव्होडोपा. मॉडेलने त्यांचा क्रम बरोबर लावला तरच नव्या औषधाबद्दल त्याचे म्हणणे ऐकावे, आणि जिथे क्रम चुकला तेही फाइलीत लिहून घ्यावे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींची राष्ट्रीय पेढी आहे. ओळख पटवलेला, मायकोप्लाझ्मामुक्त साठा तिथून सर्वांना एकाच पॅसेजवर, म्हणजे सारख्याच वेळा नव्या भांड्यात वाढवलेला, मिळाला, तर दोन शहरांतले निकाल शेजारी ठेवून वाचता येतील.

आणि आपल्या वार्ताहरांना विनंती: पुढच्या वेळी अशी बातमी आली की विद्युतरोध छापा, पण क्षेत्रफळासह छापा. त्याआधी संशोधकांना विचारा की ईपीकॅम तपासले का, आणि लोपेरामाइड पलीकडे गेले का?

आपले विश्वासू,
पेशीसंवर्धनाचे काम करणारे काही वाचक, पुणे